नाव सापडलं नाही, की उत्तरच मिळालं नाही? मोठ्या नेटवर्कमधल्या नेमिंग सर्व्हिसेस

प्रश्न थोडक्यात असा आहे: ॲक्टिव्ह डिरेक्टरीचं (मायक्रोसॉफ्टच्या, युजर आणि मशीनच्या मध्यवर्ती यादीचं) डोमेन आहे आणि लिनक्स सर्व्हर एसएसएसडीमार्फत (त्या यादीतून लिनक्सवर युजर आणणाऱ्या सेवेमार्फत) त्याला जोडलेले आहेत. एनएसलुकअप ही कमांड होस्टचा (नेटवर्कवरच्या मशीनचा) पत्ता बरोबर सांगते, पण त्याच मशीनवरचं ॲप्लिकेशन ‘होस्ट सापडत नाही’ म्हणतं. आयडी कमांडला एखादा युजर सकाळी दिसतो, दुपारी दिसत नाही. एनएफएसवरच्या (नेटवर्कवरून वाटलेल्या) फायली एका सर्व्हरवर खऱ्या मालकाच्या नावावर दिसतात, दुसऱ्यावर ‘नोबडी’च्या. हे सगळं नेमिंग सर्व्हिसमुळे होतंय का, आणि ती नक्की चालते कशी?

हो, तिन्ही दुखण्यांचं मूळ तिथेच आहे. मात्र ‘नेमिंग सर्व्हिस’ नावाचा एकच सर्व्हर कुठे बसलेला नसतो, हे आधी पक्कं करा. प्रोग्राम नाव घेऊन सी लायब्ररीकडे जातो, लायब्ररी एका फाईलमधला क्रम वाचते आणि त्या क्रमाने एकेक दार ठोठावते: स्थानिक फाईल, डीएनएस (नावाचा आयपी पत्ता सांगणारी सेवा), एलडीएपी (डिरेक्टरीला विचारण्याची पद्धत), एसएसएसडी. प्रत्येक दारावर चारपैकी एक उत्तर मिळतं. ही चार उत्तरं वेगवेगळी ओळखता आली की अर्धं निदान झालं.

लिनक्सवर ती फाईल म्हणजे /ईटीसी/एनएसस्विच.कॉन्फ. कल्पना मुळात सनच्या सोलारिसमधली, लिनक्सच्या सी लायब्ररीने, म्हणजे जीलिबसीने, ती उचलली. त्यातल्या नेहमीच्या ओळी अशा असतात (पासडब्ल्यूडी म्हणजे युजर, एसएसएस म्हणजे एसएसएसडी):

पासडब्ल्यूडी: फाइल्स एसएसएस
ग्रुप: फाइल्स एसएसएस
होस्ट्स: फाइल्स डीएनएस

चार उत्तरं अशी. सक्सेस: सापडलं. नॉटफाउंड: नीट विचारलं, पण असं नाव नाही. अनअव्हेल: स्रोतच हजर नाही. ट्रायअगेन: स्रोत आहे, पण आत्ता उत्तर देता येत नाही. काही वेगळं लिहिलं नसेल तर सक्सेसवर शोध थांबतो आणि बाकी तिन्हींवर पुढच्या दाराकडे जातो. हे बदलायचं असेल तर दोन स्रोतांच्या मधे चौकटी कंसात सांगतात. [नॉटफाउंड=रिटर्न] म्हणजे ‘या स्रोताने नाही म्हटलं तर तेच अंतिम, पुढे विचारू नका’. [!अनअव्हेल=रिटर्न] म्हणजे ‘हा स्रोत बंद असेल तरच पुढे जा, नाहीतर तो जे म्हणेल ते खरं’. एवढासा कंस, पण कुठल्या स्रोताचा शब्द शेवटचा, हे धोरण तोच ठरवतो. म्हणून दुसऱ्या मशीनवरची ओळ न वाचता चिकटवू नका.

तुमच्या पहिल्या तक्रारीचं एक नेहमीचं कारण इथेच असतं. अनेक डेस्कटॉप लिनक्स वितरणांत होस्ट्सची ओळ अशी येते:

होस्ट्स: फाइल्स एमडीएनएस४_मिनिमल [नॉटफाउंड=रिटर्न] डीएनएस

‘.लोकल’ हा शेवट २०१३ मध्ये आरएफसी ६७६२ या इंटरनेट मानकाने मल्टिकास्ट डीएनएससाठी (एमडीएनएस: सर्व्हरशिवाय, जवळच्या मशीनना एकदम विचारणं) राखून ठेवला. पण त्याआधी उभारलेल्या कित्येक ॲक्टिव्ह डिरेक्टरी डोमेनांची नावं ‘.लोकल’नेच संपतात. अशा मशीनवर नाव आधी मल्टिकास्टकडे जातं, तिथून ‘नाही’ येतं आणि कंसामुळे शोध तिथेच संपतो. डीएनएसपर्यंत प्रश्न पोचतच नाही. विशेषतः जुन्या आवृत्त्यांत हे हमखास होतं. ओळीतला एमडीएनएसचा भाग काढला की सुटतं. नवं डोमेन उभारत असाल तर आपल्या मालकीच्या नोंदणीकृत डोमेनखालचं उपडोमेन घ्या, ‘.लोकल’ घेऊ नका.

मग एनएसलुकअप बरोबर का सांगतं? कारण एनएसलुकअप, डिग आणि होस्ट या कमांडी स्विचची फाईल वाचतच नाहीत. त्या रिझॉल्व.कॉन्फ या डीएनएसच्या सेटिंग फाईलमधला सर्व्हर घेऊन थेट डीएनएसला विचारतात. त्यांचं यश फक्त डीएनएस सर्व्हर ठीक आहे एवढंच सांगतं. ॲप्लिकेशन ज्या दाराने जातं त्याच दाराने तपासायचं असेल तर गेटएंट वापरा: ‘गेटएंट एहोस्ट्स नाव’. नुसतं ‘गेटएंट होस्ट्स’ जुन्या पद्धतीच्या कॉलने विचारतं आणि आयपीव्ही६ ला आधी पसंती देतं. ‘एहोस्ट्स’ हे गेटॲडरइन्फो वापरतं, आणि आजचे बहुतेक प्रोग्राम तेच वापरतात. एकाच स्रोताला विचारायचं असेल तर ‘गेटएंट -एस डीएनएस होस्ट्स नाव’ किंवा ‘गेटएंट -एस एसएसएस पासडब्ल्यूडी युजर’. एकेक स्रोत असा सुटा करून तपासला की दोष कुठल्या थरात आहे ते दोन मिनिटांत कळतं.

एररचा मजकूरही अक्षरशः वाचा. ‘नेम ऑर सर्व्हिस नॉट नोन’ म्हणजे कुणीतरी ठामपणे ‘असं नाव नाही’ म्हटलं. ‘टेंपररी फेल्युअर इन नेम रिझोल्यूशन’ म्हणजे उत्तरच आलं नाही: सर्व्हर पोचण्याबाहेर आहे, फायरवॉल मधे आहे किंवा सर्व्हफेल (सर्व्हरला उत्तर काढता आलं नाही) आलं. पहिल्या एररवर नेटवर्क तपासत बसणं आणि दुसऱ्या एररवर झोनमधली (डोमेनच्या डीएनएस यादीतली) नोंद पुन्हा पुन्हा बघणं, दोन्हीत वेळ वाया जातो.

आता रिझॉल्व.कॉन्फ. जीलिबसी त्यातले पहिले ३ नेमसर्व्हरच वापरते, चौथा लिहिलात तरी तो दुर्लक्षित राहतो. टाइमआउट मूळचा ५ सेकंद, प्रयत्न २. पहिला सर्व्हर मेला असेल तर लायब्ररी ते लक्षात ठेवत नाही. प्रत्येक नव्या शोधाला पुन्हा ५ सेकंद त्याची वाट बघते. त्यात सर्चची यादी (छोट्या नावामागे जोडून पाहायच्या डोमेनांची) भर घालते. समजा सर्चमध्ये ३ डोमेनं आहेत आणि प्रोग्रामने ‘फाइल१’ असं बिनटिंबाचं, अस्तित्वात नसलेलं नाव विचारलं. आधी तीन शेपट्या लावून तीन प्रश्न, मग नुसत्या नावाचा एक. चार प्रश्न, प्रत्येकी ५ सेकंद, म्हणजे फक्त ‘नाही’ ऐकायला २० सेकंद. ‘सर्व्हर स्लो झालाय’ अशा तक्रारींमागे बरेचदा हा हिशेब असतो. ‘ऑप्शन्स टाइमआउट:१ अटेंप्ट्स:२’ लिहिल्याने वाट पाहणं पाचपट कमी होतं. कॉन्फिगरेशनमध्ये नेहमी पूर्ण नाव द्या. शेवटी टिंब दिलंत तर सर्चची यादी पूर्ण टळते. कंटेनरमध्ये एनडॉट्स (नावात इतकी टिंबं नसतील तर आधी सर्चची यादी लावा, असं सांगणारा आकडा) ५ असणं सर्रास आढळतं. तिथे दोन-तीन टिंबं असलेलं बाहेरचं पूर्ण नावसुद्धा आधी आतल्या सगळ्या शेपट्या लावून विचारलं जातं, आणि डीएनएस सर्व्हरवर विनाकारण एनएक्सडोमेनचा (‘असं नाव नाही’ या उत्तरांचा) पाऊस पडतो.

सगळ्यात जास्त वेळा आढळणारी आणि सगळ्यात महागात पडणारी चूक: क्लायंटवर पहिला डीएनएस डोमेन कंट्रोलर (ॲक्टिव्ह डिरेक्टरी चालवणारा सर्व्हर) आणि दुसरा ‘सोय म्हणून’ सार्वजनिक डीएनएस. लोकांची समजूत अशी, की पहिल्याला नाव माहीत नसेल तर दुसऱ्याला विचारलं जाईल. तसं होत नाही. दुसरा सर्व्हर पहिल्याकडून उत्तर न आल्यावरच कामाला येतो. पहिल्याने ‘नाही’ म्हटलं तर ते उत्तरच धरलं जातं. मग एके दिवशी डोमेन कंट्रोलर रीबूट होतो, क्लायंट दुसऱ्याकडे वळतो, आणि सार्वजनिक सर्व्हर तुमच्या आतल्या नावासाठी प्रामाणिकपणे सांगतो: असं नाव जगात नाही. ‘उत्तर मिळालं नाही’चं रूपांतर ‘नाव नाही’मध्ये झालं, आणि वर तो नकार कॅशेत (तात्पुरत्या साठ्यात) बसला. लॉगिन अडतं, ग्रुप पॉलिसी लागत नाही, आणि पंधरा मिनिटांनी सगळं आपोआप सुधारल्यामुळे कारण कुणालाच सापडत नाही. आतल्या क्लायंटला फक्त आतले डीएनएस सर्व्हर द्या, किमान दोन. बाहेरची नावं ते फॉरवर्डरमार्फत (बाहेरच्या डीएनएसला विचारून) आणतील.

नकार कॅशेत राहतो, हे वेगळं सांगायला हवं. एनएक्सडोमेन किती वेळ लक्षात ठेवायचं ते झोनच्या एसओए या मुख्य नोंदीवरून ठरतं: एसओएचा स्वतःचा टीटीएल (किती सेकंद साठवायचं तो आकडा) आणि त्यातलं शेवटचं ‘मिनिमम’ हे फील्ड, दोन्हींत जे लहान तेवढा वेळ. नियम आरएफसी २३०८ चा आहे. नोंद बनवण्याआधीच कुणी उत्साहाने नाव पिंग करून पाहिलं, तर तो ‘नाही’ तितका वेळ टिकतो आणि नोंद बरोबर असूनही दिसत नाही. म्हणून क्रम पाळा: आधी नोंद, मग चाचणी. सर्व्हर हलवायचा असेल तर ८६,४०० सेकंदांचा टीटीएल किमान एक दिवस आधी ३०० वर आणा. त्याच दिवशी बदलून उपयोग नाही, कारण जुना टीटीएल घेऊन गेलेली उत्तरं बाहेर फिरतच असतात.

एक फायरवॉलची गोष्ट. डीएनएस म्हणजे फक्त यूडीपी ५३ असं धरून टीसीपी ५३ बंद ठेवू नका (यूडीपी आणि टीसीपी या डेटा पाठवण्याच्या दोन पद्धती, ५३ हा डीएनएसचा पोर्ट). उत्तर मोठं झालं की सर्व्हर ते कापून ‘कापलंय’ असा बिट लावतो आणि क्लायंट टीसीपीवर पुन्हा विचारतो. टीसीपी बंद असेल तर छोटी नावं चालतात आणि खूप नोंदी असलेली नेमकी अडतात. भरपूर डोमेन कंट्रोलर असलेल्या डोमेनची एसआरव्ही (सेवा कोण देतं ते सांगणाऱ्या नोंदींची) यादी हे त्याचं ठरलेलं उदाहरण.

ॲक्टिव्ह डिरेक्टरीत डीएनएसचं खरं काम होस्टच्या पत्त्याहून मोठं आहे. ‘या डोमेनची सेवा कोण देतं’ हे एसआरव्ही नोंदींतून कळतं: _एलडीएपी._टीसीपी.डीसी._एमएसडीसीएस.डोमेन. नोंदीत प्रायॉरिटी, वेट, पोर्ट आणि होस्टचं नाव असतं. प्रायॉरिटीचा आकडा लहान तो आधी. क्लायंट यातला एक कंट्रोलर घेऊन यूडीपी ३८९ वर एक छोटा एलडीएपी पिंग करतो, कंट्रोलर त्याच्या आयपीवरून साइट (नेटवर्कमधलं ठिकाण) ओळखून सांगतो, आणि क्लायंट त्या साइटच्या नावाची एसआरव्ही नोंद पुन्हा विचारतो. नवा सबनेट ‘साइट्स अँड सर्व्हिसेस’मध्ये घालायचा राहिला की ही साखळी तुटते आणि क्लायंट कुठल्याही, कदाचित दुसऱ्या टोकाच्या कंट्रोलरकडे जातो. लॉगिन होतं, पण रखडत. कंट्रोलरवरच्या नेटलॉगन.लॉगमध्ये ‘नो_क्लायंट_साइट’ शोधा. सुटलेल्या आयपींची यादी तिथेच मिळते. विंडोज क्लायंटवर ‘एनएलटेस्ट /डीएसगेटडीसी:डोमेन’ नेमका कुठला कंट्रोलर आणि कुठली साइट मिळाली ते दाखवतं.

आता युजर. माणसाला नाव दिसतं, पण यंत्रणा ओळखते तो आकडा. विंडोजसाठी एसआयडी: डोमेनचा भाग आणि शेवटी आरआयडी, म्हणजे त्या डोमेनातला त्याचा क्रमांक. लिनक्ससाठी यूआयडी. एकाच माणसाची नावंही अनेक: २० अक्षरांपर्यंतचं सॅमअकाउंटनेम, ई-मेलसारखं दिसणारं यूपीएन, एलडीएपीमधलं डीएन (डिरेक्टरीतला पूर्ण मार्ग). कुठलं ॲप्लिकेशन यातलं कुठलं नाव विचारतं हे लिहून ठेवल्याशिवाय लॉगिनच्या तक्रारींत हात घालू नका.

एसएसएसडी मधे बसून तीन कामं करतो: नावाचा आकडा करणं, कॅशे ठेवणं आणि कंट्रोलर बदलत राहणं. सापडलेली नोंद ५,४०० सेकंद, म्हणजे दीड तास ताजी मानली जाते. नकार १५ सेकंद टिकतो. सकाळी दिसणारा युजर दुपारी गायब का होतो, याचं उत्तर बहुधा असं: एसएसएसडी ऑफलाइन गेला आहे. तेव्हा तो कॅशेतल्या युजरची उत्तरं देत राहतो, पण जो कॅशेत नाही किंवा तिथून पुसला गेला आहे त्याच्यासाठी लायब्ररीला ‘नाही’ असंच कळतं. इथेही ‘माहीत नाही’चं ‘नाही’ झालं. म्हणूनच एक सहकारी लॉगिन करू शकतो आणि शेजारचा करू शकत नाही. ‘एसएसएससीटीएल डोमेन-स्टेटस डोमेन’ ऑनलाइन आहे का आणि कुठला सर्व्हर धरलाय ते सांगतं. ‘एसएसएस_कॅशे -ई’ (दीर्घ ई, कॅपिटल) सगळ्या नोंदी शिळ्या ठरवतं. कॅशेची फाईल हातानं उडवण्याआधी ते करा, कारण फाईल उडवली आणि डोमेन बंद असेल तर साठवलेले पासवर्ड हॅशही जातात आणि कुणालाच लॉगिन करता येत नाही.

दुसरं कारण एनएससीडी. तोही पासडब्ल्यूडी आणि ग्रुपचा कॅशे ठेवतो. दोघं एकत्र चालू असले की दोन घड्याळं दोन वेळा दाखवतात. एसएसएसडी असेल तर एनएससीडीमधले पासडब्ल्यूडी, ग्रुप आणि नेटग्रुप बंद करा. आणि ‘गेटएंट पासडब्ल्यूडी’ नावाशिवाय चालवून डोमेनचे युजर दिसत नाहीत म्हणून घाबरू नका: एन्युमरेशन (सगळ्या युजरची यादी काढणं) मुळातच बंद असतं आणि मोठ्या डोमेनात ते बंदच ठेवावं. आयडी कमांडला फार वेळ लागत असेल तर हजारो सदस्यांचे ग्रुप हे कारण; ‘इग्नोर_ग्रुप_मेंबर्स = ट्रू’ने तो वेळ एकदम खाली येतो, कारण लॉगिनला युजरचे ग्रुप लागतात, ग्रुपचे युजर लागत नाहीत.

ॲक्टिव्ह डिरेक्टरी नसून साधा एलडीएपी असेल तर स्कीमा (नोंदींची ठरलेली रचना) बघा. आरएफसी २३०७ मध्ये ग्रुपचे सदस्य नुसत्या लॉगिन नावाने ‘मेंबरयूआयडी’त असतात, २३०७बिसमध्ये पूर्ण डीएनने ‘मेंबर’मध्ये. ‘एलडीएपी_स्कीमा’ चुकला तर ग्रुप दिसतात, पण रिकामे. एरर कुठेच येत नाही.

आकडा कसा बनतो ते समजलं की तिसरी तक्रार सुटते. एसएसएसडी मूळ सेटिंगमध्ये डोमेन एसआयडीचा हॅश काढून त्या डोमेनला २,००,००० आकड्यांचा एक पट्टा देतो आणि त्यात आरआयडी मिळवतो. सेटिंग सारखं असेल तर सगळ्या मशीनवर यूआयडी सारखाच येतो. सेटिंग वेगळं असेल, किंवा एका मशीनवर विनबाइंडचा (एसएसएसडीसारखंच काम करणाऱ्या सेवेचा) टीडीबी बॅकएंड असेल, जो येईल त्या क्रमाने आकडे वाटतो, तर एकच माणूस दोन सर्व्हरवर दोन आकडे घेऊन फिरतो. एनएफएसव्ही३ तारेवरून फक्त आकडे पाठवतं, म्हणून तिथे फायली भलत्याच कुणाच्या दिसतात, आणि हा सुरक्षेचा प्रश्न आहे. ‘एलडीएपी_आयडी_मॅपिंग’ किंवा पट्ट्याची लांबी चालू मशीनवर बदलू नका. बदललीत तर डिस्कवरच्या सगळ्या फायलींचे मालक जुनेच आकडे राहतात आणि मालक बदलणारी ‘चाऊन’ कमांड चालवत बसावं लागतं.

‘नोबडी’ मात्र एनएफएसव्ही४ चं लक्षण. तिथे कर्बेरॉस (तिकिटांनी ओळख पटवणारी पद्धत) माऊंटवर ‘युजर@डोमेन’ अशी अक्षरं जातात. आयडीमॅपडी.कॉन्फमधलं ‘डोमेन’ दोन्ही टोकांना हुबेहूब तेच हवं. लिहिलं नसेल तर ते होस्टच्या डीएनएस डोमेनवरून घेतलं जातं, आणि एक मशीन ‘कॉर्प.एक्झाम्पल.कॉम’मध्ये, दुसरं ‘एक्झाम्पल.कॉम’मध्ये असेल तर जुळत नाही. एसएसएसडीचं ‘यूज_फुली_क्वालिफाइड_नेम्स’ एकीकडे ट्रू आणि दुसरीकडे फॉल्स असलं तरी तेच होतं. दुरुस्तीनंतर लगेच फरक दिसत नाही म्हणून परत उलटं करू नका: जुना निकाल कर्नलच्या कीरिंगमध्ये १० मिनिटं राहतो. ‘एनएफएसआयडीमॅप -सी’ने तो पुसा.

शेअर, प्रिंटर, वेब सेवा या संसाधनांच्या बाबतीत नाव हीच किल्ली असते. कर्बेरॉस तिकीट आयपीसाठी निघत नाही, एसपीएनसाठी (सेवेच्या नोंदलेल्या नावासाठी) निघतं, आणि एसपीएनमध्ये होस्टचं नाव असतं. फाईल सर्व्हरला सीनेमने (डीएनएसमधल्या टोपणनावाच्या नोंदीने) दुसरं नाव दिलं की पत्ता मिळतो, पण विंडोज क्लायंट त्या नव्या नावासाठी तिकीट मागतो आणि तसा एसपीएनच नोंदलेला नसतो. जोडणी एनटीएलएम या जुन्या ओळखपद्धतीवर घसरते किंवा तुटते. नुसता सीनेम न करता ‘नेटडॉम कंप्युटरनेम सर्व्हर /ॲड:नवंनाव’ वापरा, त्याने एसपीएनही नोंदला जातो. एकच एसपीएन दोन खात्यांवर असेल तर तिकीट चुकीच्या किल्लीने बंद होऊ शकतं. ‘सेटएसपीएन -एक्स’ अशी जोड्यांची यादी देतं. लिनक्सवर उलट गंमत असते: एमआयटी कर्बेरॉस मूळ सेटिंगमध्ये नाव विचारतो, मिळालेल्या आयपीचं उलट नाव पीटीआरमधून (पत्त्यावरून नाव सांगणाऱ्या नोंदीतून) काढतो आणि तेच खरं धरतो. पीटीआर जुना असेल, आणि डीएचसीपीच्या (पत्ते आपोआप वाटणाऱ्या) नेटवर्कमध्ये स्कॅव्हेंजिंग (जुन्या नोंदी आपोआप पुसणं) बंद असल्यावर तो जुना असतोच, तर ‘सर्व्हर नॉट फाउंड इन कर्बेरॉस डेटाबेस’. केआरबी५.कॉन्फमध्ये ‘आरडीएनएस = फॉल्स’ ठेवा. होस्ट्स फाईलमध्येही आयपीनंतर आधी पूर्ण नाव आणि मग छोटं, हा क्रम पाळा. उलटा असेल तर ‘होस्टनेम -एफ’ छोटंच नाव सांगतं आणि सर्व्हिस स्वतःलाच ओळखत नाही.

शेअरचा पत्ता सर्व्हरच्या नावाने वाटण्यापेक्षा डीएफएस नेमस्पेस वापरणं केव्हाही चांगलं: युजरला डोमेनच्या नावाखालचा मार्ग दिसतो, खरा सर्व्हर रेफरलने कळतो आणि मागचा सर्व्हर बदलला तरी मार्ग तोच राहतो. फोल्डरचं रेफरल मूळ सेटिंगमध्ये १,८०० सेकंद कॅशेत राहतं, हे स्थलांतराच्या वेळी धरून चाला. लिनक्सवर तेच काम ऑटोएफएस करतं.

इतकं सगळं बरोबर असूनही एकच ॲप्लिकेशन अडलं असेल, तर ते लायब्ररीकडे जातंच का ते पाहा. मसल या वेगळ्या सी लायब्ररीवर बनलेल्या अल्पाइन कंटेनरमध्ये एनएसस्विच ही यंत्रणाच नाही. सीगोशिवाय (सी लायब्ररीला न जोडता) बांधलेला गो प्रोग्राम युजर शोधताना फक्त /ईटीसी/पासडब्ल्यूडी वाचतो, त्यामुळे डोमेनचा युजर त्याला कधीच दिसणार नाही. एनजिनएक्स हा वेब सर्व्हर अपस्ट्रीममधलं (मागच्या सर्व्हरचं) साधं नाव सुरू होतानाच एकदा सोडवतो. मागचा पत्ता बदलला की रीलोड करावा लागतो. शंका असेल तर ‘एसट्रेस -ई ट्रेस=ओपनॲट,कनेक्ट’ लावून प्रोग्राम चालवा. एनएसस्विच.कॉन्फ उघडली का, पोर्ट ५३ ला जोडणी झाली का, की /वार/लिब/एसएसएस/पाइप्स/एनएसएस या सॉकेटला, हे ओळीओळीने दिसतं. आणि यातलं काहीच दिसलं नाही, तर दोष तुमच्या डीएनएसमध्ये किंवा डिरेक्टरीत शोधू नका. त्या प्रोग्रामच्या स्वतःच्या रिझॉल्व्हरच्या सेटिंगकडे वळा.